जिन्यातला दिवा आणि नऊ आकडे

आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीने करतो.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेलो होतो. रेझ्युमेवर झोकात लिहिलेलं, न्यूरल नेटवर्क येतं. समोरच्या मॅडमनी मार्कर हातात दिला आणि म्हणाल्या, "लायब्ररी न वापरता एक छोटंसं करून दाखवा." माझी बोलती बंद! कारण मी तोवर फक्त ब्रेन डॉट जेएसच्या पाच-सहा ओळी कॉपी-पेस्ट केल्या होत्या. आत काय चालतं, काही पत्ता नाही. नोकरी अर्थातच मिळाली नाही.

त्या रात्री ठरवलं, साध्या जावास्क्रिप्टमध्ये स्वतः लिहायचं. काही इन्स्टॉल नको, एक एचटीएमएल फाइल आणि ब्राउझर, बस.

प्रश्न निवडला जिन्यातल्या दिव्याचा. एक बटण खाली, एक वर. दोन्ही बटणं सारखी असली की दिवा बंद, वेगळी असली की चालू. यालाच म्हणतात एक्सॉर.

आता न्यूरॉन म्हणजे काय? प्रत्येक इनपुटला एका आकड्याने गुणायचं, तो आकडा म्हणजे वेट. सगळ्यांची बेरीज करायची, त्यात बायस मिळवायचा आणि उत्तर सिग्मॉइडमधून काढून ० ते १ मध्ये बसवायचं. झालं!

पण एकटा न्यूरॉन फक्त एक सरळ रेघ मारू शकतो. कागदावर चौकोन काढा, समोरासमोरच्या कोपऱ्यांना एकच रंग द्या. एका रेघेत रंग वेगळे करून दाखवा बरं! नाही जमणार. मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी १९६९ च्या पुस्तकात हीच मर्यादा दाखवली होती.

उपाय म्हणजे मध्ये दोन न्यूरॉन घालायचे. म्हणजे सहा वेट्स आणि तीन बायस. अख्खं नेटवर्क नऊ आकड्यांचं!

शिकणं कसं होतं? उत्तर किती चुकलं ते बघायचं आणि ती चूक उलट्या दिशेने मागे वाटायची. ज्याचा वाटा जास्त, त्याला ओरडा जास्त. मग प्रत्येक आकडा थोडासा सरकवायचा. हेच बॅकप्रोपगेशन. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या पेपरमुळे ते गाजलं.

मी दहा हजार फेऱ्यांचा लूप लावला. निकाल? चारही उत्तरं ०.५ च्या आसपास! रात्रीचे दोन वाजले, फॉर्म्युले तीनदा तपासले. शेवटी लक्षात आलं, मी सगळी वेट्स शून्यापासून सुरू केली होती. त्यामुळे मधले दोन्ही न्यूरॉन जुळ्या भावांसारखे, कायम एकच गोष्ट शिकणारे. दोन असून एकच! मॅथ डॉट रँडममधून ०.५ वजा करून सुरुवात केली, आणि ०.०३, ०.९६... दिवा लागला राव!

एक सांगून ठेवतो, दोनच न्यूरॉन असले की कधीकधी गाडी अडकते. घाबरू नका, पान रिफ्रेश करा किंवा मध्ये चार न्यूरॉन ठेवा.

पुढच्या इंटरव्ह्यूत हा प्रश्न कुणी विचारलाच नाही! पण लायब्ररी वापरताना आता मला भीती वाटत नाही. नेटवर्क शिकत नसेल तर कुठे बघायचं, ते कळतं.

तुमचा होमवर्क: मध्ये एकच न्यूरॉन ठेवून बघा आणि का अडकतं ते स्वतःच्या शब्दांत लिहा. भेटू पुढच्या भागात!