ज्येष्ठेला घरात घेताना

(श्रावणातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



गणपती कधी, असं विचारलं तर लहान मूलही भाद्रपदातली चतुर्थी म्हणून सांगेल. गौरी कधी, हे मात्र पंचांग उघडल्याशिवाय सांगता येत नाही. गौरी तिथीवर येत नाहीत, नक्षत्रावर येतात. चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रात पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. त्यामुळे २०२३ साली त्या गणपतीच्या तिसऱ्या दिवशी आल्या आणि २०२५ साली पाचव्या. आपण गौरी-गणपती एका दमात म्हणतो, पण मुळात हे व्रत स्वतंत्र आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री यानं तेराव्या शतकात चतुर्वर्गचिंतामणी रचला. त्यातल्या व्रतखंडात ज्येष्ठेचं व्रत आलेलं आहे.

आता ही ज्येष्ठा कोण? पुराणांत समुद्रमंथनाच्या कथेत लक्ष्मीच्या आधी तिची थोरली बहीण वर आली. तिला ज्येष्ठा म्हणतात, अलक्ष्मीही म्हणतात. लिंगपुराणात तिचं लग्न दुःसह नावाच्या ऋषीशी लागतं आणि तो तिला एका तळ्याकाठी सोडून निघून जातो. टाकलेली बाई ती. माझं पोट कसं भरायचं, असं ती विष्णूला विचारते, तेव्हा स्त्रियांनी तिला बली देऊन पूजावं अशी सोय तिथं सांगितली आहे. दक्षिणेत पल्लवकाळात तिच्या मूर्ती घडल्या. कांचीपुरमच्या कैलासनाथ मंदिरात ती आहे. कावळ्याचा ध्वज, जड देह, दोन बाजूंना मुलगा आणि मुलगी. पुढे तिची पूजा तिकडे मागे पडली.

आपल्याकडे पाहा. विदर्भ-मराठवाड्यात याच सणाला महालक्ष्म्या म्हणतात. दोन मुखवटे, एक ज्येष्ठा आणि एक कनिष्ठा, शेजारीशेजारी, सारख्याच पैठण्या नेसून, सारखेच दागिने घालून. पुढ्यात त्यांची बाळं. पुराणानं जिला घराबाहेर काढलं, तिला मराठी बायकांनी धाकटीच्या बरोबरीनं पाटावर बसवलं. शास्त्रार्थ करणारे याचा उलगडा निराळा करतील. ज्येष्ठेची पूजा ती शांत राहावी म्हणून, असंही सांगतात. पण भीतीपोटी कुणी कुणाला माहेरवाशीण म्हणून पुरणपोळी वाढत नाही, असं मला वाटतं.

कारण आवाहनाच्या संध्याकाळी जे घडतं ते सगळं लेकीच्या घरी येण्याचं आहे. दारापासून देवघरापर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढलेली. उंबऱ्यावर दूधपाणी घालून पाय धुतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात. मुखवटा हातात घेतलेली एक पुढे, मागे एक ताटावर चमच्यानं वाजवत. घरातून कुणी विचारतं, कोण आली? गौर आली. कशाच्या पावलांनी आली? सोन्यामोत्याच्या पावलांनी. मग तिला घर दाखवायचं: ही चूल, हे धान्याचं कोठार, हा गोठा. त्या रात्री पाहुणचार थाटाचा नसतो. प्रवासातून आलेल्या लेकीला भाजीभाकरी. थाट दुसऱ्या दिवशी. सोळा भाज्या, पुरण, आंबील, वर फुलोरा टांगलेला.

रूपं तर गावागणिक बदलतात. कोकणस्थांकडे नदीकाठचे पाच-सात खडे आणतात, न बोलता. कुठे तेरड्याची झाडं मुळांसकट उपटून आणतात, आणि ती मुळंच गौरीची पावलं. कुठे धान्याच्या राशीवर मुखवटा, कुठे मडक्यांच्या उतरंडीवर. रायगड-रत्नागिरीकडे काही घरांत तिला तिखटाचा नैवेद्य असतो, मटणाचा, मासळीचा. ज्यांना हे खटकतं त्यांनी लक्षात घ्यावं की लेक माहेरी आल्यावर घरात जे उत्तम शिजतं तेच तिच्या पानात पडतं.

इथं मला मनातलं बोलायचं आहे. मी हा सण अनेक घरांत पाहिला आहे, आणि एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं. आवाहनाआधी दोन दिवस माळ्यावरची पेटी खाली येते. जुन्या सुती लुगड्याच्या घड्यांतून मुखवटे बाहेर काढते ती घरातली थोरली जाऊ किंवा आत्या. नथ कुठे टोचायची, निऱ्या कितव्या चुणीला आवळायच्या, कोणत्या भाजीला चिंच घालायची, सगळं तिला पाठ. पुरण तिनंच वाटलेलं. सोळा पदरी दोरा हळदीत भिजवून त्याला सोळा गाठी तिनंच मारलेल्या. आणि उंबऱ्यावर ताट वाजू लागलं की ती स्वयंपाकघराच्या दाराआड सरकते, कारण ती विधवा आहे. तिला कुणी जा म्हणत नाही. तिला माहीत असतं.

टाकलेल्या ज्येष्ठेला आपण आत घेतो आणि घरातल्या ज्येष्ठेला दाराआड ठेवतो. ही विसंगती मला सहन होत नाही. आपली मराठी कहाणीही आठवून पाहा. गरीब ब्राह्मण जीव द्यायला तळ्याकाठी जातो, तिथं त्याला म्हातारी भेटते, तो तिला घरी आणतो, आणि त्याच्या बायकोनं मडक्यात पाहिलं तर ते कण्यांनी भरलेलं. कहाणीत ती सवाष्ण आहे, हे मी विसरलेले नाही. पण त्या घरानं तिचं कपाळ पाहून तिला आत घेतलं नव्हतं. भुकेली म्हातारी दारात आली, एवढंच पाहिलं होतं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. मोठी गोष्ट झाली. पण गौरीच्या उंबऱ्यावर ग्रामसभा पोचत नाही. तिथं कुलाचार चालतो.

‘आमच्याकडे असंच असतं’, हे कुलाचाराचं उत्तर मला ठाऊक आहे. पण तो किती बदलला ते आपणच पाहिलंय. धान्याच्या राशी जाऊन लोखंडी स्टँड आले. गोठाच नाही, म्हणून गौरीला फ्लॅटमधला फ्रीज दाखवतात. सोळा भाज्या चिरून, एकत्र बांधून मंडईत विकत मिळतात. नोकरीमुळे सुनेला सुट्टी नसेल तर मुलगा मुखवटा आणतो. यातल्या एकाही बदलासाठी कुणी धर्मसभा भरवली नाही. घरातल्या बायकांनी ठरवलं आणि झालं. आवाहनाला बहुतेक घरांत भटजीही लागत नाही, इतका हा सण बायकांच्या हातातला आहे.

अडचण वेगळीच असते. दाराआडून पुढे या म्हटलं, तर थोरल्या बाई स्वतःच नको म्हणतात. ‘उगाच कशाला, काही वेडंवाकडं झालं तर माझ्यावर येईल.’ ही धास्ती खोटी नाही, आयुष्यभराच्या अनुभवातून आलेली आहे. म्हणून त्या दिवशी, सगळ्यांसमोर आग्रह करू नका, त्यांची कोंडी होईल. आधी बोला, श्रावण संपायच्या आत बोला. घरातल्या सर्वांत धाकट्या सुनेनं विचारावं. तिला नकार देणं जड जातं. त्या एकदा नाही म्हणतील, दुसऱ्यांदाही म्हणतील. तिसऱ्यांदा विचारा. आणि त्या हो म्हणाल्या, तर दोन मुखवट्यांतला ज्येष्ठेचा त्यांच्या हाती द्या.