शून्यानें भागिलें तर?

१२ आंबे तिघांत वांटले तर प्रत्येकास ४ येतात, हें लहान मूलही सांगेल. परंतु तेच आंबे शून्य माणसांत वांटले तर प्रत्येकास किती? कोणी म्हणेल, एकही नाहीं; कोणी म्हणेल, सारे १२. दोन्ही उत्तरें चुकीचीं आहेत. जेथें 'प्रत्येक' म्हणावयास कोणीच नाहीं, तेथें वांटा तरी कोणाचा?

येथें मुलांनींच ठेंच खाल्ली असें नाहीं. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' रचला, तेव्हां शून्याच्या बेरीज, वजाबाकी व गुणाकार यांचे नियम त्यानें बिनचूक दिले. मात्र शून्यास शून्यानें भागिल्यास शून्यच येतें, असें तो म्हणाला. नवव्या शतकांत महावीराचार्यांनीं 'गणितसारसंग्रहां'त लिहिलें कीं, शून्यानें भागिलेली संख्या आहे तशीच राहते. बाराव्या शतकांत भास्कराचार्यांनीं अशा संख्येस 'खहर' हें नांव दिलें. ख म्हणजे शून्य. तें जिचा हर, म्हणजे छेद, ती खहर. ही संख्या अनंत आहे. सृष्टीच्या उत्पत्तीनें वा प्रलयानें अच्युतांत जसा फरक पडत नाहीं, तसा हिच्यांत कांहीं मिळविल्यानें वा वजा केल्यानें पडत नाहीं, असें त्यांनीं 'बीजगणितां'त सांगितलें.

ह्या उत्तरांची परीक्षा सोपी आहे. भागाकार हा गुणाकाराचा उलटा व्यवहार. १२ ला ३ नीं भागून ४ येतात, कारण ४ त्रिक १२. मग १२ ला शून्यानें भागून जें येईल, त्यास शून्यानें गुणिल्यास १२ परत मिळाले पाहिजेत. अशी संख्याच नाहीं. कशासही शून्यानें गुणिलें तरी शून्यच येतें. शून्यास शून्यानें भागावयाचें तर अडचण उलट. तेथें ० चालतें, ५ चालतात, हजारही चालतात. एका प्रश्नास उत्तरच नाहीं, दुसऱ्यास वाटेल तें उत्तर आहे.

अनंत मानूनही सुटका नाहीं. १ ला व २ ला शून्यानें भागून तेंच अनंत येत असेल, तर उलट गुणाकारानें १ आणि २ सारखेच ठरतील! तरीही भास्कराचार्यांची दृष्टि वाया गेली नाहीं. १२ ला एक-दशांशानें भागिल्यास १२० येतात, एक-शतांशानें १,२००, एक-सहस्रांशानें १२,०००. भाजक शून्याकडे सरकतो, तसतसा भागाकार अमर्याद वाढतो. परंतु शून्याजवळ जाणें आणि शून्य होणें ह्या भिन्न गोष्टी होत. एकोणिसाव्या शतकांत हा भेद काटेकोरपणें मांडला गेला, तेव्हां कलनगणिताचा पाया पक्का झाला.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. सप्टेंबर १९९७ मध्यें 'यॉर्कटाउन' ह्या अमेरिकन युद्धनौकेवर एका खलाशानें संगणकांत एक शून्य भरलें. यंत्र त्यानें भागूं गेलें, संगणकव्यवस्था कोलमडली आणि नौका समुद्रांत निश्चल उभी राहिली. भाजक शून्य तर नाहीं ना, एवढें अगोदर पाहावयाचें राहून गेलें होतें.

म्हणून घरांतील मुलानें हा प्रश्न विचारल्यास 'तसें करावयाचें नसतें' असें सांगून त्यास गप्प बसवूं नये. ४ त्रिक १२ चा पडताळा त्याच्याच हातानें करवून घ्यावा. उत्तर कां नाहीं, हें तें आपणच सांगेल.