फोटोत कोण, फोटो कुणाचा

(सातारा व सांगली जिल्ह्यांतल्या महिला गटांच्या एकत्रित शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आत येताना बऱ्याच जणी त्या दोरीपाशी थबकलात, ते मी इथून बघत होते. कपडे वाळत घालायची साधी दोरी आहे, चिमटेही कपड्यांचेच. तिच्यावर टांगलेले फोटो आपल्याच गटांतल्या बायांनी काढले आहेत. कुणी घरात, कुणी हळदीच्या कामावर, कुणी एसटीच्या खिडकीतून. दोरीची कल्पना मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुचली. कृष्णेचा पूर ओसरल्यावर सांगलीत आम्ही घरोघर फिरत होतो. एका घरात भांडी, गाद्या सगळं चिखलात पडलं होतं, आणि त्या घरची बाई आधी काय करत होती? अल्बममधले भिजलेले फोटो एकेक करून दोरीवर लावत होती. मी मनात म्हटलं, हिला पंचनाम्याची काळजी नाही का? माझंच चुकत होतं. पंचनामा उद्या झाला असता, चिकटलेले फोटो उद्या सुटले नसते.

आज मी छंदावर बोलणार आहे. मारहाण, पोटगी, दारू असे विषय समोर असताना शिबिरात फोटोग्राफीच्या छंदावर तास कशाला, असं एका ज्येष्ठ ताईंनी विचारलंच. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हालाही असंच शिकवलं गेलं. बाईला गरजा असतात, समस्या असतात. तिला छंद असतो, असं कुठल्याही टिपणवहीत लिहिलेलं मला आठवत नाही.

माझं लहानपण कराडजवळच्या गावात गेलं. घरात एक कॅमेरा होता, काकांचा. छत्तीस फोटोंचा रोल वर्षभर पुरवायचा. बायकांच्या हातात कॅमेरा द्यायचा नाही, कारण रोल वाया जाईल! परवा अल्बम काढून मोजलं. नव्या ट्रॅक्टरचे अकरा फोटो आहेत, आईचे चार. त्यातल्या एकात ती पाठमोरी आहे आणि एकात फक्त तिचे हात दिसतात, माझ्या भावाला धरलेले.

आणि मुलीचा फोटो? तो स्टुडिओत निघायचा. उसनी साडी, हातात प्लॅस्टिकची फुलं, मागे रंगवलेला बगीचा. तो ‘दाखवायचा’ फोटो कुठल्या कुठल्या घरी फिरला, कुणी बघून काय बोललं, हे तिला कधी कळायचं नाही. म्हणजे फोटो पाठवणं, वाटणं ही मोबाइलने आणलेली गोष्ट नव्हे. आपले फोटो तेव्हाही फिरतच होते. फिरवणारे दुसरे होते, एवढंच.

होमाई व्यारावाला हे नाव किती जणींनी ऐकलंय? १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या या पारशी बाई मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार झाल्या. पुढे दिल्लीत त्यांनी नेहरू, गांधी सगळ्यांचे फोटो काढले. पण त्यांचे सुरुवातीचे विषय फार साधे होते, वर्गमैत्रिणी आणि मुंबईतलं रोजचं जगणं. त्यांचे ते पहिले फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. २०११ साली पद्मविभूषण मिळाला तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. आपल्या किती जणींच्या पापड-लोणच्यांचा धंदा नवऱ्याच्या नावावर आहे, ते मी आता विचारत नाही.

आता सहलींकडे येते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आपल्या गटांतल्या बाया माहेर आणि दवाखाना सोडून तिसऱ्या ठिकाणीही जायला लागल्या. खंडाळा तालुक्यातल्या नायगावला सावित्रीबाईंच्या जन्मघरी गेल्या, मेणवलीच्या घाटावर गेल्या. त्याच वर्षी फुलांच्या दिवसांत आम्ही कासला गेलो. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, त्यामुळे गर्दी, आधी नोंदणी, सगळं आलं. तेरडा गुलाबी पसरलेला, मध्ये सीतेच्या आसवांचा निळा पट्टा. सगळ्यांनी फुलांचे फोटो काढले. एकीने मात्र फक्त स्वतःच्या पायांचे काढले. म्हणाली, “हे पाय उसाच्या सरीतनं बाहेर कधी आलेतच न्हाईत, त्येंचा काढला.” तो फोटो दोरीवर आहे, बघा.

मीही एक फोटो काढला. सातजणी भाकरीचं गाठोडं सोडून बसल्यात आणि कशावर तरी पोट धरून हसतायत. माझ्या हातून निघालेला तो सगळ्यात चांगला फोटो. रात्री घरी पोचले आणि कुणाला न विचारता आमच्या व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला. सगळ्यांनी वाहवा केली, मी खूश. तिथून तो कुणाच्या नवऱ्याकडे, तिथून भावकीत गेला. सातजणींपैकी एकीचा पोटगीचा दावा चालू होता. दोन महिन्यांनी समोरच्या वकिलाने तोच फोटो छापून कोर्टात आणला. ही सहली करते, मजेत आहे, हिला पोटगी कशाला?

अर्धं तिकीट, घरची भाकरी. त्या दिवसाचा तिचा खर्च माझ्या वहीत लिहिलेला होता, तो आम्ही दाखवला. पण दोन तारखा त्यातच गेल्या आणि तेवढे महिने तिने उधारीवर काढले. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, “ताई, मी हसले त्ये चुकलं, का तुम्ही दाखवलं त्ये?” माझ्याकडे उत्तर होतं. ते तोंडातून निघायला वेळ लागला.

या प्रकारानंतर एका गटाने सहलीत फोटो बंद असा ठरावच केला. मी त्याला विरोध केला, अजूनही आहे. गावातल्या प्रत्येक चौकात वाढदिवसाच्या फ्लेक्सवर वीस-वीस पुरुष हात जोडून उभे असतात, त्यांना कुणी सांगत नाही की फोटो बंद करा. बाईने मात्र हसायचं असेल तर पुरावा मागे ठेवू नये, असा त्या ठरावाचा अर्थ होतो.

आपल्या संस्थाही यात कमी नाहीत. शिलाई मशीन वाटपाचा फोटो आठवा. मधे पाहुणे, बाजूला मशीन, कडेला अर्धी कापलेली ‘लाभार्थी’. अहवालात छापून येतो, तिला प्रत मिळत नाही. मीही असे शेकड्यांनी काढलेत, ऊसतोडीच्या टोळ्यांवरसुद्धा. एकीने विचारलं होतं, “फोटू द्याल का?” मी हो म्हणाले. टोळी गेली, फोटो माझ्याकडेच राहिला.

दिल्लीच्या शीबा छाछी यांचं काम मला इथे महत्त्वाचं वाटतं. १९८०च्या दशकात त्या चळवळीत होत्या आणि हुंडाविरोधी निदर्शनांचे फोटो काढायच्या. पुढे नुसत्या मोर्च्याच्या फोटोंनी त्यांचं समाधान होईना. मग त्यांनी कार्यकर्त्या मैत्रिणींबरोबर ठरवून फोटो काढले. कुठे बसायचं, जवळ काय ठेवायचं, कसं दिसायचं, हे जिचा फोटो तिच्याशी बोलून ठरायचं. याला वेळ लागतो. पण आपल्याला भाकरी थापायलाही वेळ लागतोच की.

आम्ही आता असं करतो. सहलीहून सगळ्या घरी पोचल्याशिवाय फोटो कुठेही जात नाही. काढताना विचारायचं आणि पाठवताना पुन्हा विचारायचं, कारण काढायला हो म्हटलेली बाई पाठवायला नाही म्हणू शकते. एक छापील प्रत तिला. पोरींच्या बाबतीत पोरीलाही विचारायचं, नुसतं आईला नाही. यातलं पहिलं पाळणं सगळ्यात जड जातं, माझ्यासकट. हात शिवशिवतात.

कासचा तो फोटो दोरीवर नाही. त्या बाईकडे त्याची प्रत आहे, ट्रंकेत. तिचा दावा निकाली निघाला, पोटगी सुरू झाली. यंदा तिने स्वतः फोटो काढायला घेतलेत, भावाच्या जुन्या मोबाइलवर. त्यातले दोन दोरीवर आहेत. कुठले ते सांगत नाही, तिनेच सांगू नका म्हटलंय.

आता जेवणाची सुट्टी आहे. दोरीवरच्या प्रत्येक फोटोच्या मागे काढणारीचं नाव पेन्सिलने आहे, जिला हवं तिचंच. फोटोत तुम्ही असाल आणि तो नको असेल तर चिमटा काढून घेऊन जा, कारण विचारणार नाही. हवा असेल तर खाली वही आहे, तिच्यात लिहा. प्रत पुढच्या बैठकीला मिळेल.