घरच्या हरितगृहातील छोटे खरबूज

खरबूज हे कोरड्या हवेचे, भरपूर उन्हाचे आणि रेताड जमिनीचे पीक. पावसाळ्याचे पाणी ओसरल्यावर नदीच्या पात्रात त्याचे वेल लावण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. वसई तालुक्यातील गास गावाची हवा याच्या उलट. समुद्र जवळ, हवा दमट, थंडीत पहाटे दव आणि जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस. खरबुजाचाच भाऊबंद असलेला कोकणी चिबूड अशा हवेला सरावलेला असतो. तो उघड्यावर वाढतो आणि गणपतीच्या सुमारास घरात येतो. जाळीदार सालीच्या छोट्या, गोड खरबुजाला मात्र आडोसा लागतो.

हा आडोसा थंडीसाठी नसतो. युरोपात हरितगृह बांधतात ते ऊब धरून ठेवण्यासाठी. गासमध्ये ते छत्रीचे आणि मच्छरदाणीचे काम करते. बांधणीही त्या बेताने करावी लागते. परसातल्या दहा बाय दहा फुटांच्या जागेत लोखंडी नळ्यांचा किंवा बांबूचा सांगाडा पुरतो. छताला उन्हात टिकणारी 200 मायक्रॉनची फिल्म आणि चारही बाजूंना 40 मेशची कीटकरोधक जाळी लावतात. बाजूही प्लास्टिकने बंद केल्या, तर भर दुपारी आतले तापमान 40 अंशांपलीकडे जाऊन फुले गळतात. गरम हवा वर चढते, म्हणून आढ्याजवळ तिला बाहेर पडायला जाळी लावलेली फट ठेवतात. दाराला दोन पडदे असले की माणसाबरोबर माशी आत शिरत नाही.

लागवडीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि जानेवारीअखेरपर्यंत चालतो. पावसाळ्यात छत पाऊस अडवते, पण ऊन आणू शकत नाही. ढगाळ दिवसांत वाढलेले फळ पाणचट निघते. म्हणून त्या महिन्यांत हरितगृहात काकडीसारखी दुसरी पिके घेणे बरे. वाण निवडताना फळाचा आकार पाहावा. बंगळूरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का जीत’ लहान फळांचा आणि गोडीला चांगला आहे.

बी कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये टाकले की चार ते सहा दिवसांत उगवते. दोन-तीन खरी पाने आल्यावर रोप वीस लिटरच्या पिशवीत लावतात. पिशवीत माती, चांगले कुजलेले शेणखत आणि कोकोपीट समप्रमाणात भरतात. एकाच जमिनीत वर्षानुवर्षे खरबूज घेतले की मर रोग जम बसवतो. पिशवीतले मिश्रण बदलता येते, ही तिची सोय. पाणी ठिबकने द्यावे. किनाऱ्याजवळच्या विहिरी उपशामुळे उन्हाळ्यात खारावतात आणि खाऱ्या पाण्याने पानांच्या कडा करपतात. अशा वेळी बावखलाचे, म्हणजे वाडीतल्या छोट्या तळ्याचे, किंवा साठवलेल्या पावसाचे गोडे पाणी उपयोगी पडते.

वेल जमिनीवर पसरू न देता सुतळीवर सरळ वर चढवतात. खोडावरच्या पहिल्या सात पानांच्या बेचक्यांतले फुटवे काढून टाकतात. आठव्या ते बाराव्या पानाजवळचे फुटवे राखतात, कारण फळ धरणारी फुले मुख्य वेलापेक्षा अशा फुटव्यांवरच येतात. फळ धरले की त्यापुढची दोन पाने ठेवून फुटव्याचा शेंडा खुडतात. वेलाला बावीस ते पंचवीस पाने झाली की त्याचाही शेंडा मारतात.

जाळी फळमाशीला अडवते, तशी मधमाशीलाही अडवते. त्यामुळे परागीकरण हाताने करावे लागते. सुरुवातीची फुले नर असतात. त्यांचा देठ बारीक आणि सरळ. फळ धरणाऱ्या फुलाच्या पाकळ्यांखाली हिरवी, लवदार गाठ दिसते. फूल एकच दिवस टिकते, म्हणून हे काम सकाळी दहाच्या आत उरकतात. ताजे नर फूल तोडून पाकळ्या मागे सोलतात आणि मधल्या पुंकेसरांवरची पिवळी पूड दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवतात. साधले तर दोन-तीन दिवसांत गाठ फुगू लागते. नाही तर पिवळी पडून गळते. शेजारची दोन-तीन फुले एकाच दिवशी हाताळली, तर फळे बरोबरीने वाढतात. फळ लिंबाएवढे झाल्यावर वेलावर एक किंवा दोनच ठेवतात. जपानच्या शिझुओका भागातील प्रसिद्ध खरबुजांची गोडी एका वेलावर एकच फळ ठेवण्याच्या शिस्तीतून येते. उरलेल्या फळाचे वजन वेलाला पेलत नाही. त्याला जाळीच्या झोळीत घालून वरच्या तारेला टांगतात.

छतामुळे दव पानांवर पडत नाही आणि ओल्या पानांवर वाढणारा केवडा रोग कमी होतो. भुरीला मात्र ओले पान लागत नाही. दाटीत आणि सावलीत ती उलट फोफावते. खालची जुनी पाने काढून हवा खेळती ठेवणे हा तिच्यावर पहिला उपाय. गंधकाची फवारणी उन्हात केल्यास खरबुजाची पाने भाजतात, म्हणून ती सौम्य मात्रेत आणि संध्याकाळीच करावी. पांढरी माशी आणि मावा पिवळ्या चिकट सापळ्यांवर, तर फुलकिडे निळ्यांवर सापडतात. हरितगृहाबाहेर क्यू-ल्यूर या आमिषाचा सापळा टांगला, तर फळमाशीचे नर त्यात अडकतात आणि तिचा वावर वेळीच कळतो.

परागीकरणानंतर साधारण तीस ते चाळीस दिवसांत फळ पिकते. फळ वाढत असताना पाणी रोज सारखे द्यावे. सुकवून मग एकदम भरपूर दिले की साल तडकते. शेवटच्या आठवड्यात पाणी निम्म्यावर आणल्याने गोडी वाढते. साल हिरवट असताना तोडलेले फळ पुढे मऊ होते, गोड होत नाही. जाळी उठून दिसणे, मधला रंग पिवळसर होणे, तळाशी वास सुटणे आणि देठाभोवती बारीक गोल चीर पडणे ही पक्वतेची लक्षणे. जाळीदार वाणांत ही चीर पूर्ण झाली की फळ हलक्या हाताने देठापासून सुटते. काढणीनंतर वेल, गळलेली पाने आणि किडकी फळे लगेच बाहेर काढून सुतळ्या बदलाव्यात, म्हणजे रोग-किडी पुढच्या लागवडीपर्यंत मुक्काम करत नाहीत.