नोटेवरील पूल आणि नोटेमागील वचन



चलनी नोट म्हणजे कागदावर छापलेले वचन होय. ते वचन कसे राखले जाते, हे पाहण्यासाठी आम्ही आज डेन्मार्कच्या १००० क्रोनरच्या नोटेकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

२००९ ते २०११ या काळात त्या देशाच्या राष्ट्रीय बँकेने पाच नव्या नोटा काढल्या. पूर्वीच्या ५०० च्या नोटेवर शास्त्रज्ञ नील्स बोर विराजमान होते. नव्या मालिकेत व्यक्तिचित्रे नाहीतच. चित्रकार कारिन बिर्गिटे लुन्ड यांनी दर्शनी बाजूस पूल व मागील बाजूस पुराणवस्तू योजल्या. एक द्वीपकल्प आणि शेकडो बेटे मिळून झालेला तो देश. पुलांनीच तो सांधला आहे. १००० च्या नोटेवर १९९८ साली वाहनांस खुला झालेला ग्रेट बेल्ट पूल दिसतो. पाठीवर १९०२ मध्ये ट्रुंडहोल्मच्या दलदलीत सापडलेला कांस्ययुगीन सूर्यरथ. रथसप्तमीस सूर्याचा रथ रेखणाऱ्या आमच्या भगिनींना तो परका वाटू नये. मात्र त्यास सात घोडे नसून एकच आहे.

आता संरक्षक खुणा पाहू. नोट उजेडासमोर धरली की कागदाच्या अंगातच व्हायकिंग जहाजाचे जलचिन्ह उमटते. ती हलवली की रुंद धाग्यावरील लाटा सरकू लागतात; होलोग्राम रंग पालटतो. या खुणांस यंत्र लागत नाही, डोळा आणि हात पुरेत. आमच्या मते या रचनेचे मर्म येथेच आहे. खोटी नोट बँकेत उघडकीस आली तर तिचा मोबदला मिळत नाही. जिच्या पदरी ती शेवटी पडली, त्या भाजीवालीसच तोटा सोसावा लागतो. म्हणून नोटेचा पहिला परीक्षक सामान्य माणूसच असला पाहिजे.

आणि तरीही ३१ मे २०२५ नंतर ही नोट चलनातून बाद झाली. जलचिन्ह तेच, सूर्यरथही तोच. वचन मात्र संपले. परंतु ही मुदत २०२३ मध्येच जाहीर झाली होती आणि नोट बदलून घेण्यास लोकांना सुमारे दीड वर्षाचा अवधी लाभला. खुणा नोटेचे नकलाकारापासून रक्षण करतात. लोकांचा विश्वास राखायचा तर नोट काढणाऱ्यानेच शब्द पाळावा लागतो.

आपल्याकडील नोटांवरही अशा खुणा आहेत. नोट केवळ मोजू नये, ती उजेडासमोर धरून पाहावी आणि मुलांनाही तसे शिकवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.