आजारपणाचा खरा हिशेब
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आरोग्य आणि अर्थशास्त्र यांची सांगड पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. परंतु आजार एका देहास जडतो आणि त्याची किंमत सारे घर मोजते, हे आपण सर्व जाणता. ती किंमत कोण भरतो आणि कशातून भरतो, याचा शोध घेणारे शास्त्र म्हणजे आरोग्याचे अर्थशास्त्र होय.

ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारास मुकू नये, हे तत्त्व सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालीच मांडले. पुढे आपल्याच खानदेशात, शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, रवी दुग्गल व सुचेता अमीन यांनी आजारपणावरील घरोघरच्या खर्चाची पाहणी केली. ती १९८९ साली प्रसिद्ध झाली. बहुतेक लोक खाजगी डॉक्टरांकडे जातात व खर्चाचा भार घरावरच पडतो, असे तीत दिसले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी स्वतःच्या खिशातून दिलेला वाटा २०१३-१४ साली शेकडा ६४ होता. २०२१-२२ साली तो शेकडा ३९ वर आला. ही सुधारणा खरी. पण सरासरीत नर्मदाकाठचा माणूस दिसत नाही.

डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी दंडक आहे. त्यात माणसे मोजली जातात, वाट मोजली जात नाही. अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांतील दुर्गम पाड्यांवरून रोग्यास बांबूच्या झोळीत घालून सडकेपर्यंत आणावे लागते. तेथे औषध विनामूल्य मिळाले, तरी गाडीभाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी आणि परगावचा शिधा यांस पैसा लागतोच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार मोठा आहे. पण तो मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांस. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च घरालाच सोसावा लागतो. मग कर्ज होते, दागिना गहाण पडतो आणि पुष्कळदा मुलीची शाळा सुटते.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. प्रत्येक कुटुंबाने वर्षभर एक वही ठेवावी आणि तीत डॉक्टरांची फी, औषध, भाडे, बुडालेले दिवस व काढलेले कर्ज लिहावे. नावे वगळून त्या वह्यांची बेरीज मंडळाने करावी, म्हणजे सरकारदरबारी मागणी करताना आपल्या हाती पुरावा असेल. दुसरे, मंडळाच्या निधीतून शस्त्रक्रियेबरोबरच प्रवासखर्चासही साहाय्य द्यावे.

तिसरी सूचना कदाचित काहींना रुचणार नाही. आपल्या शेतांवर राबणारा भिल्ल वा पावरा मजूर आपल्या ज्ञातीचा नाही. पण आपल्या घरचे धान्य त्याच्या श्रमाचे आहे. प्रवाससाहाय्याचा निधी त्याच्यासाठीही खुला असावा. उपचार ज्ञाती पाहून द्यावयाचा, तर भोर समितीच्या तत्त्वाचा उच्चार करण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.

या सूचनांचा विचार याच संमेलनात व्हावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.