नवशिक्या शिकाऱ्याचे पहिले धनुष्य

इंग्लंडचे धर्मोपदेशक ह्यू लॅटिमर यांनी 1549 साली राजा सहावा एडवर्ड याच्यापुढे जी प्रवचने केली, त्यांपैकी एकात त्यांनी आपल्या बालपणाची हकीकत सांगितली आहे. त्यांचे वडील शेतकरी होते. त्यांनी मुलाला केवळ दंडाच्या बळाने नव्हे, तर साऱ्या अंगाचा भार घालून धनुष्य ओढावयास शिकविले. आणि धनुष्ये घेऊन दिली ती मुलाचे वय व शक्ती पाहून. मुलगा वाढला तशी धनुष्येही वाढली. पुढे पावणेपाच शतके लोटली. पण मुलाच्या हाती पहिले धनुष्य देताना याहून चांगला नियम कोणी सांगितलेला नाही.

आज हा प्रश्न मुख्यतः अमेरिकेतील घरांत पडतो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. अमेरिकेत मात्र शरद ऋतूत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा कायदेशीर हंगाम असतो, आणि बापाबरोबर रानात जाण्याचा हट्ट धरणारी दहा-बारा वर्षांची मुले तेथे पुष्कळ आहेत.

श्रोतेहो, धनुष्य निवडताना पहिली गोष्ट पाहावयाची ती ओढीचे वजन. 40 पौंडांचे धनुष्य म्हणजे तराजूत 40 पौंड भरणारे नव्हे. ते ओढताना हातावर 40 पौंडांचा, म्हणजे सुमारे 18 किलोंचा, भार येतो. हरणाच्या शिकारीसाठी किमान किती वजन असावे हे अनेक राज्यांनी ठरवून दिले आहे. राज्याराज्यांत फरक असला, तरी हा आकडा बहुधा 30 ते 40 पौंडांच्या घरात असतो. चूक होते ती येथेच. बाप तो आकडा वाचतो, त्याच वजनाचे धनुष्य विकत आणतो आणि मुलाच्या हाती देतो.

असे जड धनुष्य मुलाला ओढत नाही, म्हणून तो ते आभाळाकडे उचलतो, पाठ मागे वाकवितो, दात-ओठ खातो आणि दोरी हनुवटीपाशी पोहोचण्यापूर्वीच सोडून देतो. खांदा दुखावतो, नेम चुकतो आणि चुकीची सवय अंगात मुरते. परीक्षा सोपी आहे. मुलाला खुर्चीवर बसवावे, धनुष्य लक्ष्याच्या रेषेत धरून सावकाश ओढावयास सांगावे आणि दहा अंक मोजावेत. हात थरथरला, किंवा धनुष्य वर उचलावे लागले, तर ते जड आहे असे समजावे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला 10 ते 15 पौंडसुद्धा पुष्कळ होतात.

दुसरी गोष्ट ओढीच्या लांबीची. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत मोजावे आणि त्या मापाला अडीचने भागावे. 60 इंच भरले, तर ओढ सुमारे 24 इंचांची. तिसरी गोष्ट डोळ्याची. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा डावा डोळाही प्रबळ असू शकतो. दूरची वस्तू दोन्ही तळव्यांमधील लहान फटीतून पाहावयास लावून, आळीपाळीने एकेक डोळा मिटावयास सांगावा; ज्या उघड्या डोळ्याला वस्तू फटीतच दिसते, तो प्रबळ. अनुभवी शिक्षक हातापेक्षा डोळ्याला मान देतात.

मिसुरी राज्यातील हॉलेस विल्बर ॲलन या गृहस्थाला 1969 साली चाके लावलेल्या धनुष्याचे पेटंट मिळाले. कंपाऊंड म्हणतात ते हेच. पूर्ण ओढ झाली की त्यातील चाकांमुळे 65 ते 85 टक्के भार उतरतो. 40 पौंडांपैकी हातात आठ-दहा पौंडच उरतात. शिवाय मुलांसाठी केलेल्या धनुष्यांत वजन आणि लांबी दोन्ही किल्लीने वाढविता येतात. वाढत्या वयाला ही मोठीच सोय. परंतु धरावयास हलके म्हणून ते ओढावयास हलके होत नाही. चढ चढल्यावाचून पठार लागत नाही. तेव्हा खुर्चीची परीक्षा येथेही चुकवू नये.

बाण ओढीहून इंच-दोन इंच लांब असावेत. आखूड बाण मागे घसरून हातात घुसण्याचे भय असते. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नये. बाणाला मिळावयाची शक्ती तेव्हा धनुष्यातच फिरते, आणि ते फुटून इजा होऊ शकते.

आता मुख्य मुद्दा. बंदुकीची गोळी आघाताने काम करते. बाण करतो तो धारदार पात्याने रक्तस्राव घडवून. तो काळजात किंवा फुप्फुसात बसला तर हरीण थोड्या वेळात पडते. पोटात अथवा मांडीत बसला तर तेच हरीण तासन् तास झुडपांत तडफडत राहते. थरथरणाऱ्या हाताची किंमत मोजावी लागते ती त्या मुक्या जनावराला. म्हणूनच शिकारीसाठी म्हणून घेतलेले पहिले धनुष्य शिकारीला न्यावयाचे नसते. ते गवताच्या लक्ष्यासाठी असते. दहा यार्डांवर बाण एका बशीएवढ्या जागेत सतत पडू लागले, की वजन दोन-तीन पौंडांनी वाढवावे, मग अंतर वाढवावे. कायद्याचा आकडा सहज ओढता येईल तोवर मुलाने रानात बापाच्या शेजारी रिकाम्या हातांनी बसावे, पाहावे, ऐकावे. एखाद-दुसरा हंगाम असा गेला तर काही बिघडत नाही.

महाराष्ट्रातील मुलांना हरणामागे जावयाचे नाही. पण धनुष्य निवडण्याचा नियम त्यांनाही तोच लागू आहे. साताऱ्याच्या अदिती स्वामी हिने 2023 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, बर्लिन येथे याच कंपाऊंड प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले. तेव्हापासून पुष्कळ घरांतील मुलांनी धनुष्याचा हट्ट धरला असेल. तो पुरवावयाचा झाल्यास आईवडिलांनी शेजारच्या मुलाचे धनुष्य पाहू नये, आपल्या मुलाचा खांदा पाहावा.